ऑपरेशननंतरचं दान

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातात माइक देणं म्हणजे जोखीमच आहे, याची समितीला कल्पना असावी. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

रौप्यमहोत्सवासाठी आपण सगळ्यांनी स्वखुशीने वर्गणी दिली. मांडव, जेवण, ही स्मरणिका, मुलांची बक्षिसं असा सगळा खर्च वजा जाता एक लाख पंच्याऐंशी हजार रुपये शिल्लक राहतील, असं खजिनदारांनी सांगितलं. हा सोसायटीचा फंड नाही. सिंकिंग फंड, रिपेअर फंड यांना कुणी हात लावायचा नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत लावूही देणार नाही. ही लोकांनी हौसेने दिलेली रक्कम आहे. पुढच्या महिन्यातल्या सभेत तिचं काय करायचं ते ठरणार आहे. गेटवर संगमरवरी पाटी लावावी ही एक सूचना आली. रुग्णालयाला सोसायटीच्या नावाने एखादं मशीन द्यावं ही दुसरी. दुसऱ्या सूचनेमागची भावना मला फार आवडली. आपल्या अठ्ठेचाळीस घरांपैकी किती घरांत हृदयाची गोळी चालू आहे, हे सकाळी फिरायला येणाऱ्यांना चांगलं माहीत आहे. माझ्याही हृदयात २०१५ पासून दोन स्टेंट आहेत. पण मशीन द्यायला माझा विरोध आहे. का, तेवढंच आज सांगतो.

आधी थोडं मागचं. मी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये लागलो. ती बँक २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली. गाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या पासबुकावरचं बँकेचंही नाव गेलं आणि गावाचंही. मी लागलो त्या काळात मराठवाड्यात कुणाच्या छातीत कळ आली, की घाटी हाच आधार. आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चं. तिथल्या डॉक्टरांनी किती जीव वाचवले याची गणती नाही. पण अँजिओग्राफी करायची म्हटलं की मुंबई, पुणे, नाहीतर हैदराबाद. आमच्याकडे लोक कर्ज मागायला यायचे. बैलजोडीसाठी, विहिरीसाठी आणि मोटारीसाठी आमच्याकडे योजना होत्या. 'वडलांना मुंबईला न्यायचंय' यासाठी नव्हती. मग मंगळसूत्र तारण ठेवून सोन्यावर कर्ज निघायचं.

आज आपल्या गावात कॅथलॅब आहेत, बायपास होते, झडपा बदलतात. हे आपोआप झालेलं नाही. १९८९ साली काही तरुण डॉक्टर एकत्र आले आणि गारखेड्याला डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू झालं. ते लोकांच्या देणग्यांवर वाढलं. बजाज समूहाच्या मदतीतून, ट्रस्टमार्फत कमलनयन बजाज रुग्णालय उभं राहिलं. ज्या समूहाने वाळूजला स्कूटर काढल्या त्याच समूहाने. महात्मा गांधी मिशनचं मोठं रुग्णालय आहे. घाटीच्या आवारात केंद्राच्या योजनेतून सुपरस्पेशालिटीची इमारत झाली. म्हणजे सरकार, उद्योग आणि सामान्य देणगीदार या तिघांच्या पैशावर या गावातली हृदयाची सोय उभी आहे. आपण मध्यरात्री छाती धरून तिथे पोचतो तेव्हा बिल आपण भरतो हे खरं, पण ते दार तिथे असावं म्हणून आधी कुणीतरी दिलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, सरकार देतंय ना! देतंय, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१२ साली राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात आली, २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते पाच लाख करायचा निर्णय २०२३ साली झाला. स्टेंटचंही तसंच. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेला स्टेंट सरासरी सव्वा लाखाच्या घरात होता, तो २९,६०० वर आला. माझे दोन आधीच बसलेले, त्यामुळे मला काही परतावा मिळाला नाही! असो. लहान मुलांच्या जन्मजात हृदयदोषासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. शाळेत, अंगणवाडीत तपासणी होते आणि त्यातून ऑपरेशनं होतात. रस्त्यावर २०१४ पासून १०८ ची गाडी आहे.

मग आपल्यासाठी उरलं काय? मी गेली सहा-सात वर्षं आठवड्यातून एक सकाळ रुग्णालयात जाऊन बसतो. फॉर्म भरून देणं, रेशनकार्डाची झेरॉक्स, आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नसेल तर काय करायचं ते सांगणं, अशी कारकुनी कामं. तिथे जे दिसलं ते सांगतो.

बँकेत दोन प्रकारचे खर्च असतात. भांडवली आणि महसुली. इमारत, मशीन हा भांडवली. वीजबिल, पगार, कागद हा महसुली. शाखेचं उद्घाटन करायला मंत्री येतात, वीजबिल भरायला कुणी येत नाही. आरोग्याच्या दानाचंही हेच झालं आहे. ऑपरेशनला पैसे देणारे आता सापडतात. ऑपरेशननंतर रोज लागणाऱ्या गोष्टींना सापडत नाहीत.

झडपेचं उदाहरण घ्या. आपल्याकडे गरीब घरातल्या मुलांना घसा दुखतो, ताप येतो, मग सांधे सुजतात. आई म्हणते, वाढीचं दुखणं असेल. काही मुलांमध्ये त्या घशाच्या जंतूमुळे पुढे हृदयाच्या झडपा खराब होतात. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटिक म्हणतात. पाच ते पंधरा वर्षांच्या वयात हे दुखणं येतं, आणि दाटीवाटीच्या घरांत जास्त. तेव्हाच ओळखलं तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेऊन पुढचं बरंच टळतं. नाही ओळखलं तर वयाच्या विशी-तिशीत धाप लागते. बहुतेकदा बाई असते, लग्न झालेली, एक-दोन मुलं असलेली. दम लागतो म्हणून शेतावर जाता येत नाही, म्हणून सासरची कुरकुर. शेवटी ती इथे पोचते. योजनेतून ऑपरेशन होतं. धातूची झडप बसते. सगळ्यांना हायसं वाटतं.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते, आणि ती जन्मभर. शिवाय गोळीचं प्रमाण सगळ्यांना सारखं नसतं. जास्त झालं तर रक्तस्राव, कमी झालं तर झडपेवर गुठळी. मेथी-पालक जास्त खाल्ला तरी फरक पडतो. म्हणून ठराविक दिवसांनी रक्ताची आयएनआर तपासणी करायची आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं गोळीचं प्रमाण बदलायचं. योजनेत ऑपरेशननंतरच्या पाठपुराव्याची काही पॅकेजेस आहेत, पण त्यांना मुदत असते. झडपेला मुदत नाही.

कन्नडच्या बाजूच्या एका वाडीवरची बाई. नाव-गाव सांगत नाही. ऊसतोडीला जाणारं कुटुंब. झडप बसवून तीन वर्षं झाली होती. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याकडे निघाले, तिकडे तपासणी कुठे करायची ते माहीत नाही. गोळ्या संपल्या. 'बरं वाटतंय, मग कशाला?' असं नवरा म्हणाला, आणि तिलाही ते पटलं. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला. झडपेवरची गुठळी मेंदूत गेली होती. ती वाचली, पण उजवा हात गेला. ऊस तोडणाऱ्या बाईचा उजवा हात. वॉर्डातले डॉक्टर मला म्हणाले, 'काका, आम्ही लाखाचं काम केलं आणि ते पाचशे रुपयांनी वाया गेलं.' मी हिशेबाचा माणूस. तो आकडा काही डोक्यातून जात नाही.

पाचशे-सहाशे रुपये कसे होतात तेही सांगतो. तपासणी, महिन्याच्या गोळ्या, येण्याजाण्याचं तिकीट. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट झालं, ते फार बरं झालं, पण सोबत येणाऱ्या नवऱ्याचं पूर्ण लागतं. शिवाय दोघांचा दिवसाचा रोज बुडतो, तो मी धरलेलाच नाही. जनऔषधी केंद्रात औषध स्वस्त मिळतं, पण ते केंद्र वाडीवर नसतं.

पायांचंही असंच आहे, आणि त्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद होतात तशा पायाच्याही होतात. मधुमेह, बिडी, तंबाखू. चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. माणूस म्हणतो, वय झालं. मग अंगठ्याला जखम होते, ती काळी पडते. वेळेत आला तर रक्तवाहिनी मोकळी करून पाय वाचवता येतो. उशीर झाला की कापावा लागतो. कृत्रिम पाय वाटपाची शिबिरं मी पुष्कळ पाहिली, फोटोही छान येतात. पाय कापायची वेळ येऊ नये म्हणून जखमेच्या ड्रेसिंगला, साखरेच्या तपासणीला, मऊ तळव्याच्या चपलेला पैसे देणारं शिबिर मी एकही पाहिलेलं नाही. चपलेचा फोटो काय काढणार!

आता मशीनबद्दल. एका रुग्णालयात, नाव सांगण्याचं कारण नाही, मला दोन मॉनिटर दाखवले. प्लॅस्टिकचं कव्हर घातलेले, वर देणाऱ्याच्या स्वर्गवासी मातोश्रींचं नाव. वॉरंटी संपली, एएमसी कुणी भरायची ते ठरलं नव्हतं, सुटा भाग मिळेना. देणाऱ्याची भावना शुद्ध होती. पण मशीन देताना पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे जोडून दिले नाहीत तर ते मशीन रुग्णालयाच्या गळ्यात पडतं. आपल्या पावणेदोन लाखांत एक बरं मशीन येईल. त्याची एएमसी येणार नाही.

पुलाच्या पलीकडे पाणचक्की आहे. पाहुणे आले की आपण दाखवायला नेतो. उत्तरेच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणलं, त्यावर जातं फिरवलं आणि दर्ग्यातल्या यात्रेकरूंसाठी, शिष्यांसाठी पीठ दळलं. ज्याने ती सोय केली त्याने धान्याची रास दिली नाही, पाण्याचा प्रवाह दिला. मुंबईच्या केईएमचंही सांगतो. १९२६ चं हे महापालिकेचं रुग्णालय. त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी दिली. महाविद्यालयाला नाव लागलं, पण देणगीची अट होती माणसांबद्दल. तिथे शिकवणारे भारतीयच असावेत, ही. त्याच केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ ला डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, पण बर्नार्डच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

आता माझा प्रस्ताव. शिल्लक रक्कम एखाद्या धर्मादाय रुग्णालयाच्या रुग्णसहाय्य खात्यात कॉर्पस म्हणून द्यावी. सोबत पत्र द्यायचं, की मुद्दल मोडू नये, व्याज फक्त हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या रुग्णांच्या ऑपरेशननंतरच्या खर्चासाठी वापरावं. असं लेखी पत्र असलं की संस्थेलाही ते पाळावं लागतं. सात टक्के धरले तर वर्षाला १२,९५० रुपये होतात. ही झाली सुरुवात. त्यावर आपल्यापैकी तीस घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर ३६,००० रुपये. एकूण ४८,९५०. एका रुग्णाला महिन्याला सहाशे धरले तर वर्षाला ७,२००. म्हणजे सहा माणसं आपण वर्षभर सांभाळू शकतो, आणि अडीअडचणीला पाच-पावणेसहा हजार हातात राहतात. सहाच का, असं कुणी विचारेल. सहा माणसं दहा वर्षं सांभाळणं मला साठ माणसांना एकदा फळं वाटण्यापेक्षा बरं वाटतं. घाटीत वाढदिवसाला केळी वाटणाऱ्यांचा अपमान करायचा नाही. पण रक्तात साखर वाढलेल्या माणसाला दिवसात तिसरं केळं मिळालेलं मी पाहिलं आहे.

शंभर रुपये प्रत्येकाने आपापल्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यात द्यावेत. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या, आज मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. सोसायटीच्या पेटीतून नको. पेटी आली की हिशेब आला, हिशेब आला की भांडण आलं. थेट दिलं तर पावतीही तुमच्या नावाची मिळते. संस्थेला ८०जी असेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर निम्म्या रकमेची वजावट मिळते, दोन हजारांच्या वर रोख दिलं तर नाही. नव्या पद्धतीत ती वजावट नाही. तेव्हा कर वाचतो म्हणून देणारे असतील त्यांनी आधी मुलाला विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, या प्रस्तावाला मत द्या किंवा देऊ नका. आपल्या कामवाल्या ताई, वॉचमन, दूधवाले, यांच्या घरात कुणाला हृदयाचं दुखणं निघालं की ते आपल्याकडे येतात आणि आपण चटकन पाकीट काढतो. पाकीट काढायच्या आधी दोन प्रश्न विचारा. योजनेत बसतं का? आणि रुग्णालय धर्मादाय आहे का? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने योजना ठरली. बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत बाजूला काढायची असते. वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारापर्यंत असेल तर मोफत, तीन लाख साठ हजारापर्यंत असेल तर सवलतीत. तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. कित्येकदा आपण जे बिल दयेने भरतो ते त्या माणसाच्या हक्काचं असतं. आपला पैसा मग हक्क जिथे संपतो तिथे जाऊ दे. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक किंवा मेडिकल सोशल वर्कर नावाचा माणूस असतो, त्याच्याकडे जा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोखालच्या खात्यात पैसे टाकू नका. सोशल वर्करला फोन करा, खरं असेल तर तो सांगतो.

पैसा ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठीही काम आहे. हृदयाच्या ऑपरेशनला रक्त लागतं, आणि मे महिन्यात रक्तपेढ्यांत टंचाई असते. आपलं शिबिर आपण १५ ऑगस्टला घेतो, कारण तेव्हा झेंडावंदनाला सगळे खाली येतात. ते मेमध्ये घ्यावं असं माझं मत आहे. मला स्वतःला आता देता येत नाही, वयही गेलं आणि गोळ्याही आहेत. आणि अवयवदान. जानेवारी २०१६ मध्ये आपल्या गावातून एका तरुणाचं हृदय विमानाने मुंबईला गेलं होतं. रुग्णालयापासून चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवला होता. जालना रोडवर गाडी न थांबता गेली, हे ज्यांना जालना रोड माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्या घरच्यांनी जे दिलं त्याच्यापुढे आपले शंभर रुपये म्हणजे काहीच नाही.

पाटीवाल्यांवर माझा राग नाही. गेटला पाटी हवीच, ती तीन-चार हजारांत ग्रॅनाइटची होते, मी दर काढून आणला आहे. 'ज्येष्ठांसाठी इथेच लिफ्टजवळ बाक करा' असंही एकांनी सुचवलं. बाक मेंटेनन्समधून व्हावा.

फॉर्म मी पन्नास प्रती काढून आणले आहेत. जेवणाच्या रांगेच्या सुरुवातीला, ताटांच्या टेबलावर ठेवले आहेत. त्यावर फक्त नाव, फ्लॅट नंबर आणि महिन्याची रक्कम लिहायची. रक्कम पन्नास लिहिली तरी चालेल. कोणतं रुग्णालय ते सभेने ठरवावं, त्यात मी नाव सुचवणार नाही. दर तीन महिन्यांनी संस्थेकडून किती रुग्णांना काय दिलं याचा कागद आणून नोटीस बोर्डावर लावायचं काम मी करीन. पण मी शहात्तरीत आहे, माझ्यासोबत चाळिशीतलं कुणीतरी लागेल. स्कूटर चालवता येत असावी, आणि बुधवारी सकाळी दोन तास मोकळे असावेत. ज्याला जमेल त्याने फॉर्मच्या मागे फोन नंबर लिहून द्यावा.